नुकतीच पास झालेली मुलगी

१

श्यामराव बिवलकर दुपारी गेले आणि दिवेलागणीच्या आत भवानीपुरातल्या मराठी घरांतून एकच वाक्य फिरलं : नव्या नर्सनं चुकीचं इंजेक्शन दिलं.

शकुन टेंबेंना ते कळलं नारायण वर्तकांकडून. ऑडिट ऑफिसातला हा सज्जन कारकून एरवी छत्रीशिवाय घराबाहेर पडायचा नाही आणि नमस्काराशिवाय बोलायचा नाही. आज नर्सिंग हॉस्टेलच्या पायऱ्यांवर तो उघड्या डोक्यानं उभा होता.

"सिस्टर, कालिंदीला ठाण्यावर नेलंय. म्हणतात, खून केला."

शकुन कलकत्त्यातच जन्मलेल्या, पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या. एका मोठ्या इस्पितळाच्या नर्सिंग स्कूलमध्ये त्या शिकवत आणि वर्तकांची ही मुलगी कालिंदी त्यांचीच विद्यार्थिनी. हुशार, हाताला हलकी, तोंडानं मुकी. पास होऊन वर्ष होत आलं तरी पोरगी घरी बसून होती. आणि ती एकटीच नव्हे, तिची अख्खी तुकडी घरी होती. वॉर्डातली उस्तवार शिकाऊ मुलींकडून फुकापासरी होत असताना पगारी नर्स ठेवायची कुणाला हौस? शिकत होती तोवर इस्पितळाला कालिंदी रात्रंदिवस लागत होती. शिकून तयार झाली आणि त्याच इस्पितळाच्या फाटकावर तिला सांगण्यात आलं, जागा नाही. खासगी दवाखाने अनुभव मागत. नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा, हे मात्र कुणी सांगत नसे.

म्हणून तर मराठी मंडळाच्या नाटकाच्या मध्यंतरात प्रेमलता बिवलकरनं "आमच्या मामंजींसाठी एखादी मराठी नर्स आहे का हो?" असं विचारलं, तेव्हा शकुनना आभाळ ठेंगणं झालं होतं. "नुकतीच पास झालेलीच हवी," प्रेमलता म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी कालिंदी कामावर रुजू झाली. त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

ठाण्यात इन्स्पेक्टर बागचींनी इन्सुलिनची एक छोटी बाटली टेबलावर ठेवली.

"बिवलकरांना मधुमेह होता. हे औषध दोन ताकदींत मिळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. चाळीसचं आणि ऐंशीचं. डॉक्टर सान्यालांनी चाळीसचं लिहून दिलं होतं. फ्रीजमध्ये मिळाली ती ही, ऐंशीची. सिरिंज भरली नेहमीच्याच खुणेपर्यंत, म्हणजे डोस गेला दुप्पट. म्हातारा माणूस, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेला. संपला. मुलगी नवीन आहे, वाचायला चुकली."

बाकावर बसलेल्या कालिंदीनं मान वर केली. "सिस्टर, मी लेबल वाचलं होतं. चाळीसचंच होतं. वाचल्याशिवाय मी सुई लावत नाही, तुम्हीच शिकवलंयत."

शकुननी बाटली उचलून दिव्यासमोर धरली.

"ही बाटली घरात कधी आली?"

"बिवलकरांच्या सूनबाई म्हणतात, काल रात्री दही ठेवताना फ्रीजमध्ये एकच बाटली होती, तीही जुनी, तळाला आलेली. म्हणजे ही आज सकाळी उघडलेली."

"आणि ती जुनी कुठाय?"

बागचींनी खांदे उडवले.

"बागचीबाबू, कालिंदी चुकली असं धरा. नेहमीच्या खुणेपर्यंत औषध घेतलं, तर बाटलीतून थेंबभर कमी होईल. ही पाहा. अर्धी रिकामी आहे! एवढं औषध चुकून कुणी ओढत नाही. ही चूक नव्हे, हा खून आहे. आणि ज्यानं केला त्यानं बाटलीवरचा आकडा तेवढा तुम्हाला दाखवला."

२

शकुनच्या हमीवर बागचींनी कालिंदीला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या बिवलकरांकडे भेटायला गेल्या. सुतकाच्या घरी जायला आमंत्रण लागत नाही.

श्यामरावांचा एकुलता मुलगा श्रीकांत बैठकीत बसला होता. डोळे सुजलेले, आवाज मऊ. "शकुनताई, त्या मुलीवर माझा राग नाही. पोटासाठी आलेली पोर. पण हे इंजेक्शनचं खातं मी कधी पाहिलंच नाही हो. मला सुई बघवत नाही. लहानपणापासूनच. बाबांना टोचायची वेळ झाली की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो."

"आधीची नर्स का काढलीत?"

"बाबांना मराठी बोलणारं माणूस हवं होतं. शेवटी शेवटी आपल्या भाषेची ओढ लागते ना."

"काल तुम्ही घरीच होतात?"

"होतो ना. कालिंदी म्हणाली, बाबा झोपलेत. मला काय ठाऊक! कळल्याबरोबर डॉक्टरांना फोन केला. पण काळ आला होता."

आतल्या खोलीत प्रेमलता मुलांचे कपडे ट्रंकेत भरत होती. शकुनना पाहून ती दचकली.

"पुण्याला धाडतेय त्यांना, माझ्या माहेरी. या गल्लीत परवा पुन्हा बॉम्ब फुटला. शाळेच्या भिंतीवर क्रांतीच्या घोषणा, दाराशी पोलीस. मामंजींना किती वेळा सांगितलं, हावड्याची फाउंड्री विकू या, चला आपल्या मुलखात. ते म्हणायचे, माझा मुलूख हाच." तिनं डोळे पुसले. "काल मी सकाळपासून मुलांच्या शाळेत होते, दाखले काढायला. दुपारी आले तर मामंजी गार पडलेले. मीच सान्याल डॉक्टरांना फोन लावला."

"तुम्ही लावलात?"

"मग कुणी? हे तर सुन्न होऊन बसले होते." प्रेमलतानं ट्रंकेत आणखी एक सदरा ठेवला. "कालिंदीच्या हातून असं व्हावं! कामाला किती चांगली होती. मामंजींची चादर सकाळी बदललेली असायची, तरी काल मी आले तेव्हा दुसरी चादर आणि उशीचा अभ्रा गॅलरीत वाळत घातलेला. रडत होती नि पिळत होती."

शकुननी गॅलरीकडे एकदा पाहिलं.

"प्रेमलताबाई, तुम्ही मला म्हणालात, नुकतीच पास झालेलीच हवी. अनुभव नसला तरी चालेल असं सगळे म्हणतात. तुम्ही अनुभव नसलेलीच मागितलीत. का?"

प्रेमलता गोंधळली. "ह्यांनीच तसं सांगितलं होतं. जुन्या नर्सेस फार शिरजोर होतात म्हणून."

जिन्यात विनायक भेटला. हा श्यामरावांचा पुतण्या, फाउंड्री चालवणारा. काल सकाळी काका-पुतण्यात मोठ्यानं बोलणं झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. शकुननी सरळ विचारलं.

"भांडण?" विनायक कडवट हसला. "काका महिनाभर म्हणत होते, पाडव्याला फाउंड्री तुझ्या नावावर करतो. काल पुन्हा मी म्हणालो, नको, श्रीकांत माझं तोंड पाहणार नाही. त्यावरून आवाज चढला. आता फाउंड्री विकली जाईल, आणि कामगारांबरोबर मीही रस्त्यावर."

पाडवा चार दिवसांवर होता.

३

काढून टाकलेली नर्स बीणा बिश्वास एंटालीला एका खोलीत राहायची. ठसठशीत बाई, चेहऱ्यावर देवीचे व्रण. शकुन तिला बीणादी म्हणत. दोघींनी तरुणपणी एका वॉर्डात रात्री काढल्या होत्या.

"मला का काढलं? मलाच कळलं नाही गं," चहाचा पेला पुढे करत बीणादी म्हणाली. "एक दिवस छोटेबाबू म्हणाले, उद्यापासून येऊ नका, बाबांना मराठी बोलणारी हवी. मी म्हटलं, बुढाबाबू माझ्याशी बांगलात भांडतात, बांगलात शिव्या देतात, बांगलात माफी मागतात. पन्नास वर्षं हावड्यात लोखंड ओतलेला माणूस! त्याला कधीपासून मराठीची तहान लागली?"

"ते कधी तसं म्हणाले नव्हते?"

"मला निरोप देताना रडले. कुणी काढलं तुला म्हणून विचारत होते."

शकुननी पेला खाली ठेवला. "तू रविवारी चर्चला जायचीस. त्या दिवशी इंजेक्शन कोण द्यायचं? प्रेमलता?"

"बोऊमा? छे! तिला रक्त दिसलं की भोवळ येते. छोटेबाबू द्यायचे. मीच शिकवलं. पहिल्या खेपेला हात थरथरला, मग चांगला बसला. तुझ्या मुलींपैकी कित्येकींना जमत नाही इतक्या सफाईनं सुई लावायचे."

बाहेर ट्राम खडखडत गेली. सुई बघवत नाही म्हणणारा श्रीकांत शकुनच्या डोळ्यांपुढे आला.

"अजून एक सांग, बीणादी. बुढाबाबूंना घाम सुटला, अंग गार पडायला लागलं, हाक मारली तरी ओ देईनात, तर तू काय केलं असतंस?"

"हे काय विचारणं! साखरेचं पाणी ओठांत घातलं असतं. गिळता येत नसेल तर शिरेतून ग्लुकोज. पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते."

"आणि घरच्या मालकानं थांबवलं असतं तर?"

बीणादीनं कमरेवर हात ठेवले. "मालकाला खोलीबाहेर ढकललं असतं, आणि दाराला कडी."

शकुन उठल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं. एवढंच कळलं नव्हतं, की ते कालिंदीला कसं विचारायचं.

४

कालिंदी आईच्या, सरलाबाईंच्या मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. शकुननी सरलाबाईंना बाहेर पाठवलं.

"पुन्हा सांग. काल काय काय झालं?"

"सकाळी इंजेक्शन दिलं. काकांनी उपमा खाल्ला. मग श्रीकांतदादांनी मला कापूस आणायला दुकानात धाडलं. परत आले तर काका शांत झोपले होते. मग उठलेच नाहीत."

"शांत झोपलेल्या माणसाची चादर कुणी बदलतं का, कालिंदी?"

कालिंदीचा चेहरा पांढरा पडला.

"चादर भिजली होती. उशी भिजली होती. घामानं. तू परत आलीस तेव्हा काकांना दरदरून घाम सुटला होता आणि तुला कळलं होतं, हे काय आहे ते. होय की नाही?"

ती पदराची शिवण उसवत राहिली. मग एकदम म्हणाली, "कळलं होतं. लगेच कळलं होतं, सिस्टर. मी साखर आणायला धावले. श्रीकांतदादा दारात उभे राहिले. म्हणाले, मधुमेहाच्या पेशंटला साखर? हेच शिकवलं का तुला तुझ्या सिस्टरनं? मी म्हटलं, दादा, हे वेगळं असतं. ते म्हणाले, डॉक्टरांना फोन केलाय, ते निघालेत, तू काही करू नकोस. मी म्हटलं, तोवर उशीर होईल. तर हळूच म्हणाले, हे बघ, एका धर्मादाय इस्पितळाच्या कमिटीवर मी आहे, तिथं तुझी कायमची नेमणूक सोमवारी होतेय, आता आगाऊपणा करून घालवू नकोस."

"आणि तू थांबलीस."

"मी चादर बदलली. दुसरं काही करता येईना, म्हणून चादर बदलली. काका बोलत नव्हते. मी हात धरून बसले आणि डॉक्टरांची वाट बघत राहिले."

"डॉक्टरांना फोन गेलाच नव्हता, पोरी. दुपारी प्रेमलता घरी आल्यावर गेला."

कालिंदीच्या हातातून पदर सुटला.

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"श्रीकांतदादा म्हणाले, चूक झाली म्हणालीस तर मी सांभाळून घेईन. पण कळूनही गप्प बसलीस हे बाहेर आलं, तर जन्मात पुन्हा ही टोपी डोक्यावर घालता येणार नाही." तिनं वर पाहिलं. "ते खरंच आहे ना, सिस्टर?"

शकुन खोटं बोलू शकल्या असत्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या.

५

बिवलकरांच्या बैठकीत त्याच संध्याकाळी सगळे जमले : श्रीकांत, प्रेमलता, विनायक, कालिंदी आणि दारापाशी इन्स्पेक्टर बागची.

शकुन उभ्याच राहिल्या. "श्रीकांत, मी आधी बाटलीचा विचार केला. अर्धी बाटली औषध कालिंदीनं चुकून दिलं नाही, तर दुसऱ्या कुणीतरी मुद्दाम दिलं. तिनं आपलं नेमकं इंजेक्शन दिलं होतं. मग तुम्ही तिला कापसाला धाडलंत आणि मोठी सिरिंज भरून दुसरं टोचलंत. चाळीसची जुनी बाटली नाहीशी केलीत, ऐंशीची तिच्या जागी ठेवलीत."

"मला सुई बघवत नाही, हे सांगितलंय मी."

"मला सांगितलंत. दर रविवारी तुम्हाला ती बघवत होती. बीणादीनं शिकवलं म्हणे, छान हात बसला."

प्रेमलता वळून नवऱ्याकडे पाहत राहिली. रविवारचं तिला ठाऊक होतं. त्यानं ते लपवलं, हे आत्ता कळत होतं.

"पण खरी गोम बाटलीत नाही," शकुन पुढे म्हणाल्या. "बीणादीसारखी बाई घरात असती, तर बाबा मेले नसते. दुसरं इंजेक्शन देऊनही मेले नसते. तिनं तुम्हाला ढकलून साखर दिली असती. तुम्हाला अशी नर्स हवी होती, जिला लक्षण ओळखता आलं तरी बोलायची हिंमत होणार नाही. जिच्या चुकीवर सगळ्यांचा चटकन विश्वास बसेल. वर्षभर दारोदार फिरून जिला पहिलीच नोकरी मिळालीय आणि ती जाईल या धास्तीनं जी गप्प बसेल. अशा मुली या शहरात ढिगानं पडल्यात. तुम्ही हत्यार निवडावं तशी ही मुलगी निवडलीत. आणि मी ती तुमच्या हातात आणून दिली."

श्रीकांत शांतपणे म्हणाला, "गोष्ट चांगली आहे. पुरावा?"

"हावड्याला तुमच्या फाउंड्रीच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे," बागची म्हणाले. "तुमचे बाबा नेहमी घराजवळून औषध घ्यायचे. पण गेल्या आठवड्यात तुम्ही तिथून ऐंशीची बाटली नेलीत. दुकानदारानं तुम्हाला दोनदा विचारलं, ऐंशीचीच ना?"

"नेली असेन. चुकून नेली, फ्रीजमध्ये ठेवली. हिनं न बघता टोचली. अर्धी बाटली सांडली असेल. आणखी काय?"

बागचींनी शकुनकडे पाहिलं, शकुननी कालिंदीकडे. तू बोल, असं तिला सांगायला कुणी धजेना.

कालिंदी स्वतःच उठली. "इन्स्पेक्टरबाबू, माझा जबाब पुन्हा लिहून घ्या. काका घामानं भिजले होते. साखर द्यायला हवी हे मला कळत होतं. यांनी वाट अडवली आणि डॉक्टर येताहेत असं खोटं सांगितलं. आणि नोकरी जाईल म्हणून मी थांबले."

"याचे परिणाम ठाऊक आहेत ना?" बागचींनी विचारलं.

"आहेत."

श्रीकांत खुर्चीत खचला. पण पश्चात्तापाचं अक्षर त्याच्या तोंडून आलं नाही. "दोनदा माझ्या गाडीवर बॉम्ब पडला," तो प्रेमलताला म्हणाला. "मुलं शाळेतून येईपर्यंत तू देवापाशी बसायचीस. आणि हे सगळं विनायकला देऊन म्हातारा मला इथंच पुरणार होता. मी काय करायला हवं होतं? सांग ना."

प्रेमलतानं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

परतताना शकुन आणि कालिंदी ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेल्या. कालिंदी म्हणाली, "मी ओरडले असते, साखर दिली असती, तर काका वाचले असते."

"हो."

"आणि श्रीकांतदादांनी त्याच दुपारी मला काढून टाकलं असतं. का ओरडले, ते कुणाला कळलंच नसतं. तुम्हीसुद्धा म्हणाला असतात, कालिंदी, एवढ्या मुश्किलीनं मिळालेली नोकरी तुला टिकवता आली नाही."

ट्राम आली. शकुननी ती जाऊ दिली.

६

खटला उभा राहिला. कालिंदीच्या जबाबानं श्रीकांत अडकला आणि त्याच जबाबानं कालिंदीही. नोंदणी स्थगित झाली, चौकशी लांबत गेली. भवानीपुरातल्या बायका तिला पाहून रस्ता बदलायच्या. खून तिनं केला नव्हता हे सर्वांना मान्य होतं. पण आपल्या घरच्या म्हाताऱ्याजवळ तिला बसवायला कुणी तयार नव्हतं. प्रेमलता मुलांना घेऊन पुण्याला गेली. फाउंड्रीला कुलूप लागलं.

जूनमध्ये सीमेपलीकडून लढाईतून पळालेल्या निर्वासितांचे लोंढे आले. सॉल्ट लेकच्या चिखलात, गटाराच्या मोठमोठ्या सिमेंटच्या नळांत माणसं राहू लागली, आणि पटकी पसरली. शकुन आपल्या शिकाऊ मुलींना घेऊन तिथं पोचल्या, तेव्हा ताडपत्रीच्या एका तंबूत त्यांना ओळखीची पाठ दिसली. कालिंदी होती. डोक्यावर टोपी नव्हती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. दोन वेळच्या खिचडीवर काम करत होती म्हणे, पहिल्या आठवड्यापासून. इथं नर्सेस कमी पडत होत्या. साऱ्या शहरात त्या घरी बसून होत्या आणि इथं कमी पडत होत्या, कारण पगार द्यायला कुणी नव्हतं.

तिच्या पुढ्यात एक म्हातारा निपचित पडला होता. डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागत नव्हती. तरुण डॉक्टर घाईनं आला.

"याच्यावर सलाइन घालवू नका. बाटल्या थोड्या आहेत. पुढच्याला घ्या."

"पुढच्यालाही देईन," कालिंदी म्हणाली. "हा अजून जिवंत आहे."

"मी सांगतोय, सोडा त्याला."

"नाही सोडणार."

डॉक्टर चिडला. "तुम्हाला इथं नेमलं कुणी?"

"कुणीच नाही," कालिंदी म्हणाली आणि म्हाताऱ्याचा हात घट्ट धरून तिनं सुई शिरेत घातली.